‘मला बीपी आहे’ : रक्तदाबाची गोळी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची भाषा

१

पुढील दोन वाक्ये पाहावीत :

(१) मला ताप आहे.
(२) मला बीपी आहे.

रचनेच्या दृष्टीने या वाक्यांत भेद नाही. दोहोंत विकार जडलेली व्यक्ती चतुर्थीत आहे, विकाराचे नाव प्रथमेत आहे, आणि क्रियापद ‘असणे’ हे आहे. अर्थाकडे पाहिले म्हणजे मात्र दुसरे वाक्य चमत्कारिक वाटू लागते. ‘बीपी’ म्हणजे रक्तदाब, आणि रक्तदाब कोणास नसतो? ज्याला तो नाही तो हे वाक्य उच्चारावयास हयातच नसावयाचा. बोलणाऱ्याच्या मनात ‘माझा रक्तदाब असावा त्याहून अधिक आहे’ हा अर्थ असतो. लोकभाषेने त्यातील आधिक्याचा भाग गाळला आणि जे मोजावयाचे त्याचेच नाव रोगाला देऊन टाकले. ‘मला शुगर आहे’ हे याच साच्यातील वाक्य होय. असे करणारी मराठी एकटी नाही. फ्रेंच भाषेतही ‘त्याला तान्सिओं आहे’ अशाच शब्दांत उच्च रक्तदाबाचा निर्देश होतो.

हा संक्षेप सोयीचा आहे, आणि भाषेने सोय पाहावी यात वावगे काही नाही. प्रस्तुत लेखकास काळजी वाटते ती वाक्याच्या साच्याची. ‘मला सर्दी आहे’, ‘मला खोकला आहे’, ‘मला घाई आहे’ या पंक्तीतील बहुतेक स्थिती भोगणाऱ्यास जाणवतात. त्या आल्याचे कळते, गेल्याचेही कळते. आणि औषध केव्हा सुरू करावे व केव्हा थांबवावे हे त्या जाणिवेवरून ठरविण्याची आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. रक्तदाब या पंक्तीत येऊन बसला की त्याच्याकडूनही आपण तीच अपेक्षा करू लागतो. वस्तुतः वाढलेला रक्तदाब बहुसंख्य माणसांना मुळीच जाणवत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, धाप लागत नाही; आणि त्याच काळात मेंदू, हृदय, मूत्रपिंडे व डोळ्यांचा पडदा यांच्या रक्तवाहिन्यांवर त्याचे काम चालू असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार ३० ते ७९ या वयोगटातील सुमारे १२८ कोटी माणसांना हा विकार होता आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो असल्याचा पत्ताच नव्हता. आपल्या देशातील २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील स्त्रियांत २१ टक्के व पुरुषांत २४ टक्के हे प्रमाण आढळले.

येथे एखादा चिकित्सक विद्यार्थी म्हणेल की चतुर्थीची ही रचना केवळ जाणवणाऱ्या गोष्टींसाठी नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’ हेही मराठीच आहे. आक्षेप रास्त आहे. किंबहुना रक्तदाबाचे वाक्य याच दुसऱ्या वर्गात घालून वाचावयास हवे. भावांची आठवण झाली नाही म्हणून ते नाहीसे होत नाहीत. मात्र सामान्य बोलणारा ते तापाच्या वर्गात घालतो, आणि या वर्गीकरणाचे फळ त्याला भोगावे लागते. माझ्या परिचयाचे एक सद्‌गृहस्थ कित्येक वर्षे ‘त्रास झाला की’ गोळी घेत असत. त्रास होत नसे, म्हणून गोळीही पोटात जात नसे. दवाखान्यात विचारले असता ‘गोळी चालू आहे’ असे ते प्रामाणिकपणे सांगत, कारण गोळी घरात होती.

प्रस्तुत लेखक वैद्य नाही. कोणती गोळी, किती, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. परंतु ठरलेली गोळी दवाखान्यापासून रुग्णाच्या पोटापर्यंत जाते ती पुष्कळशी शब्दांच्या मार्गाने जाते, आणि त्या मार्गावरील खाचखळगे दाखविणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे, असे मला वाटते.

२

‘लागणे’ या क्रियापदापासून आरंभ करावा. ‘त्यांना बीपीची गोळी लागली’ असे आपण म्हणतो, आणि पाठोपाठ ‘एकदा लागली की सुटत नाही’ हेही म्हणतो. ‘लागणे–सुटणे’ ही जोडी मराठीत व्यसनाची आहे : नाद लागतो, तंबाखू लागते, दारू सुटत नाही. तेव्हा गोळीविषयी हीच जोडी वापरली गेली की ऐकणाऱ्याच्या मनात गोळी हे एक व्यसन ठरते, आणि ते जितके उशिरा लागेल व जितके लवकर सुटेल तितके बरे, असा निष्कर्ष तो आपोआप काढतो. चाळिशीतील पुष्कळ सुशिक्षित माणसे हाती अहवाल असूनही ‘इतक्यात गोळी नको’ म्हणतात, त्याच्या मुळाशी हे क्रियापद आहे असा माझा तर्क आहे.

परंतु ‘लागणे’ एवढ्यावर संपत नाही. आपल्याला चष्माही लागतो. चष्म्याचे व्यसन जडले असे कोणी म्हणत नाही, आणि नीट दिसू लागले म्हणून चष्मा काढूनही ठेवीत नाही. नीट दिसते ते चष्म्यामुळे, हे सर्वांना समजते. रक्तदाबाची गोळी ‘लागते’ ती या अर्थाने. मोजमापात आकडा ठीक आला तर तो बहुधा गोळीमुळे ठीक आलेला असतो. वजन उतरले, मीठ कमी झाले, चालणे वाढले तर गोळीचे प्रमाण कमी करता येते, कधी ती थांबविताही येते. पण ते मोजून, डॉक्टरांनी, पायरीपायरीने करावयाचे असते.

यातील ‘पायरीपायरीने’ या शब्दावर भर देणे अवश्य आहे. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या किंवा क्लोनिडिन ही गोळी एकाएकी बंद केली तर रक्तदाब व नाडी उसळून वर येते. हृदयविकार असलेल्यास त्यातून छातीत कळ किंवा हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. हे व्यसन नव्हे. औषधाने अडविलेल्या मार्गाशी शरीराने जुळवून घेतलेले असते, आणि बांध एकदम फोडला म्हणजे पाणी लोटते, एवढाच याचा अर्थ.

दुसरा शब्द ‘टेन्शन’. डॉक्टर ‘हायपरटेन्शन’ म्हणतात. त्या शब्दातील ‘टेन्शन’ धमनीच्या भिंतीवरील ताणाचे आहे. पण मराठीने ‘टेन्शन’ हा शब्द आधीच उसना घेऊन ‘काळजी’ या अर्थाने रुळवून टाकला आहे. परिणामी ‘हायपरटेन्शन’ म्हणजे फार काळजी करण्याचा रोग, असा अर्थ रुग्ण लावतो, आणि मुलीचे लग्न पार पडले, निवृत्तिवेतन मंजूर झाले, की आता टेन्शन गेले म्हणून गोळीही जाते. काळजीने रक्तदाब काही काळ वाढतो हे खरे आहे, म्हणून हा गैरसमज विशेष चिवट आहे. निम्मे सत्य पोटात असलेली चूक सहसा मरत नाही. निश्चिंत, हसऱ्या, भरपूर झोपणाऱ्या माणसाचाही रक्तदाब १७० असू शकतो.

३

आता चिठ्ठीकडे वळू. तिच्या डाव्या कोपऱ्यात जे ‘आरएक्स’सारखे चिन्ह असते, ते लॅटिन ‘रेचिपे’ या क्रियापदाचे संक्षिप्त रूप मानले जाते. अर्थ ‘घे’; आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन. ही आज्ञा मुळात रुग्णास नाही. वैद्य औषध सिद्ध करणाऱ्यास सांगत आहे : अमुक द्रव्य इतके घे, तमुक तितके घे. म्हणजे जन्मतः ही चिठ्ठी दोन जाणत्यांमधील संवाद आहे. रुग्ण हा तिचा वाहक आहे, श्रोता नव्हे. आज औषधे कारखान्यातून तयार येतात, तरी चिठ्ठीचा तोंडवळा बदललेला नाही. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘एचएस’ म्हणजे निजताना : हे सर्व रुग्णाच्या डोक्यावरून बोलले जाणारे शब्द आहेत.

या संकेतांपैकी एक रक्तदाबाच्या बाबतीत विशेष घातक आहे. ‘एसओएस’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘गरज पडल्यास’. दुखण्याच्या किंवा तापाच्या गोळीपुढे हा संकेत शोभतो, कारण गरज पडल्याचे तेथे कळते. रक्तदाबाच्या रोजच्या गोळीस तो लागू नाही. परंतु चिठ्ठीवर नसला तरी रुग्ण तो मनाने लिहितो. याचा अगदी टोकाचा प्रकार म्हणजे आकडा वाढलेला दिसताच निफेडिपिनची कुपी फोडून जिभेखाली ठेवणे. एके काळी हे दवाखान्यांतूनही सर्रास होत असे; त्याने रक्तदाब इतक्या वेगाने कोसळतो की मेंदूचा वा हृदयाचा रक्तपुरवठाच तुटावा, असे प्रकार नोंदले गेल्यावर १९९० नंतरच्या दशकात वैद्यकाने ही चाल टाकून दिली. घराघरांतून ती अद्याप पुरती गेलेली नाही. केवळ आकडा मोठा दिसला म्हणून घरच्या घरी जादा गोळी घेणे टाळावे. शांत बसून पुन्हा मोजावे व डॉक्टरांना कळवावे; छातीत दुखणे, धाप, बोलणे अडखळणे, हात-पाय लुळा पडणे, दृष्टी अंधुक होणे यांपैकी काही असल्यास मात्र गोळ्यांचा विचार न करता रुग्णालय गाठावे.

‘१-०-१’ ही आपल्याकडील पद्धत मला लॅटिन संकेतांपेक्षा पुष्कळ चांगली वाटते. सकाळ, दुपार, रात्र असे तीन स्थानांचे मूल्य तीत आहे. ती अक्षरशत्रूसही शिकविता येते. शब्दांतील सूचना दिसते तितकी सोपी नसते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३९५ रुग्णांना औषधांच्या वेष्टनावरील सूचना वाचावयास दिल्या होत्या. ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्याव्यात’ ही सूचना वाचनात कच्च्या असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी बरोबर वाचून सांगितली. दिवसाच्या गोळ्या किती ते मोजून दाखवा, म्हटल्यावर मात्र सुमारे ३५ टक्क्यांनाच ते जमले. वाक्य म्हणता येणे आणि वाक्याप्रमाणे वागता येणे यांत केवढे अंतर आहे, हे भाषेच्या वर्गात सांगावयास याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

४

यानंतरचा विषय औषधांच्या नावांचा. आणि तो माझ्या घरात घडलेल्या एका प्रसंगामुळे मला शिकावा लागला.

माझे वडील ७६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. रक्तदाबाची गोळी ते अनेक वर्षे नियमाने घेत आले आहेत. दोन वर्षांपूर्वी निमोनियामुळे त्यांना एका रुग्णालयात आठ दिवस ठेवावे लागले. घरी येताना नवी चिठ्ठी मिळाली. तीत रक्तदाबासाठी एक गोळी होती, तिचे नाव जुन्या गोळीच्या नावाहून अगदी निराळे होते. ‘ही घ्या’ असे सांगितले गेले. ‘ती बंद करा’ असे कोणी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. वडिलांनी शिस्तीने दोन्ही घेतल्या. एप्रिलचा महिना होता. अठराव्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठून न्हाणीघराकडे जाताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते पडले. डावे मनगट मोडले. त्या वेळी त्यांचा वरचा रक्तदाब ८८ होता. दोन्ही स्ट्रिपा तपासणाऱ्या डॉक्टरांनी शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा दिसले की मोठ्या अक्षरांतील नावे वेगळी असली तरी खाली बारीक अक्षरांत दोहोंवरही ‘टेल्मिसार्टन’ होते. एकीत त्याच्या जोडीला अम्लोडिपिन, दुसरीत हायड्रोक्लोरोथायझाइड. शब्दांचे अवयव सोडविण्यात माझे आयुष्य गेले, आणि घरातील कपाटातले हे दोन शब्द मी एकदाही वाचले नव्हते.

औषधाला दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले. ते विक्रीसाठी असते, व त्याला अर्थ असलाच पाहिजे असे नाही. दुसरे जेनेरिक नाव. ते मात्र व्याकरणशुद्ध असते असे म्हणावयास हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली या नामकरणाचे काम हाती घेतले आणि १९५३ साली नावांची पहिली यादी प्रसिद्ध केली. या पद्धतीत एका जातीच्या औषधांना एक सामाईक अंश जोडतात, आणि तो बहुधा शब्दाच्या शेवटी येतो. आपण त्याला प्रत्यय म्हणू. रक्तदाबाच्या औषधांत चार प्रत्यय ओळखले तर पुष्कळ साधते. ‘-सार्टन’ : टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन. ‘-प्रिल’ : एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल. ‘-डिपिन’ : अम्लोडिपिन, निफेडिपिन, सिल्निडिपिन. ‘-ओलॉल’ : अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल. लघवीवाटे मीठ व पाणी काढणाऱ्या गोळ्यांत ‘-थायझाइड’ हा एक आहे, पण क्लोरथॅलिडोन व स्पायरोनोलॅक्टोन ही त्या कामाची नावे त्यात बसत नाहीत. अपवादावाचून व्याकरण कोठे आहे?

नियम असा : दोन स्ट्रिपांवर एकच प्रत्यय दिसला तर दोन्ही घेण्यापूर्वी विचारावे. ‘-प्रिल’ आणि ‘-सार्टन’ एकत्र दिसली तरीही विचारावे, कारण शरीरातील एकाच साखळीवर ती दोन ठिकाणी काम करतात. रामिप्रिल व टेल्मिसार्टन एकत्र देऊन लाभ वाढत नाही, अपाय मात्र वाढतो, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका फार मोठ्या चाचणीत दिसून आले. तसेच गर्भवती असलेल्या किंवा तसा विचार असलेल्या स्त्रीच्या चिठ्ठीत या दोहोंपैकी कोणताही प्रत्यय दिसता कामा नये. गर्भाच्या मूत्रपिंडांस त्याने इजा होते. अशा वेळी देण्याजोगी दुसरी औषधे आहेत. आपल्या विभागातील विद्यार्थिनींपैकी कोणास कमी वयात रक्तदाबाची गोळी सुरू झाली असेल तर हे वाक्य त्यांनी विसरू नये.

प्रत्यय ओळखताना शब्द कोठे तोडावा, हा प्रश्न येतोच. ‘प्राझोसिन’ आणि ‘पँटोप्राझोल’ या दोहोंत ‘प्राझ’ ऐकू येते. पण पहिल्याचा प्रत्यय ‘-अझोसिन’ आहे, तो रक्तवाहिन्या सैल करतो; दुसऱ्याचा ‘-प्राझोल’ आहे, ते आम्लपित्ताचे औषध आहे. सारखेपणा कानाचा, नाते मुळीच नाही. कंपन्यांच्या नावांत तर असा एकही बांध नसतो. ‘लॅसिक्स’ हे लघवीचे व ‘लोसेक’ हे आम्लपित्ताचे अशी दोन औषधे अमेरिकेत हस्ताक्षरातून एकमेकांच्या जागी दिली जाऊ लागली, म्हणून १९९० साली ‘लोसेक’चे तेथील नावच बदलावे लागले. आपल्याकडे तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली डॉक्टरांनी जेनेरिक नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीतील अक्षरांत लिहावीत असा नियम केला. तो किती पाळला जातो, हे वाचकांनी आपापल्या घरच्या चिठ्ठ्या काढून पाहावे.

जोडगोळ्यांच्या नावापुढे ‘एएम’, ‘एच’, ‘सीटी’ अशी अक्षरे असतात. ती बहुधा अनुक्रमे अम्लोडिपिन, हायड्रोक्लोरोथायझाइड व क्लोरथॅलिडोन यांची आद्याक्षरे होत. ‘टेल्मिसार्टनचीच गोळी, दुकानात होती ती दिली’ असे म्हणून दुकानदाराने ‘एच’ऐवजी ‘एएम’ दिली तर ती तीच गोळी राहत नाही. ‘एक्सएल’, ‘ईआर’, ‘एसआर’ ही अक्षरे औषध सावकाश सुटत असल्याची खूण आहेत. अशी गोळी कुटू किंवा चावू नये. तिच्यातील काही गोळ्या मधल्या खाचेवर मोडता येतात, काही येत नाहीत. ते विचारूनच करावे.

५

पुढील चूक माझी स्वतःची आहे. मलाही तीन वर्षांपूर्वी गोळी लागली. अर्थात चष्म्याच्या अर्थाने. ती रामिप्रिल होती. दीडेक महिन्याने मला कोरडा खोकला सुरू झाला. व्याख्यानात दर चार वाक्यांना ठसका. मी खडूच्या भुकटीला दोष दिला, आणि गळ्यासाठी ज्येष्ठमधाच्या काड्या चघळू लागलो. दररोज, आठवडेच्या आठवडे. पुढच्या भेटीत रक्तदाब आधीपेक्षा वाढलेला निघाला. डॉक्टरांनी विचारले, ‘दुसरे काही औषध घेता का?’ मी ‘नाही’ म्हणालो, आणि गोळीची मात्रा वाढली. खोकलाही टिकून राहिला.

मी खोटे बोललो नव्हतो. माझ्या मराठीत ज्येष्ठमध हे ‘औषध’ नाही. ते घरातील डब्यात असते. ‘औषध’ या शब्दाची व्याप्ती विचारणाऱ्याची एक आणि सांगणाऱ्याची दुसरी, असा हा प्रकार. प्रत्यक्षात कोरडा खोकला हा ‘-प्रिल’ जातीचा प्रसिद्ध उपद्रव आहे, आणि गोळी बदलली की तो काही आठवड्यांत जातो. (याच जातीच्या गोळीने ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र वाट पाहू नये, तो श्वास कोंडण्याचा आरंभ असू शकतो.) आणि ज्येष्ठमधातील गोड द्रव्य शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते, पोटॅशियम घटविते आणि रक्तदाब वाढविते. एका गोळीचा उपद्रव निवारण्यासाठी मी गोळीच्या विरुद्ध काम करणारी वस्तू घेत होतो, आणि दोहोंचा हिशेब तिसऱ्याच जागी, मात्रेत, लागत होता. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी प्रश्न बदलला : ‘सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय जाते, ते सांगा.’ या प्रश्नाला ज्येष्ठमध सापडला. गोळी बदलली आणि काड्या सुटल्या.

‘औषध’ या शब्दाबाहेर राहून रक्तदाबाला हात लावणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. अंगदुखीसाठी दुकानातून सहज मिळणारी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी रक्तदाब वाढविते. ‘-सार्टन’ वा ‘-प्रिल’ आणि लघवीची गोळी चालू असताना ती काही दिवस घेतली तर मूत्रपिंडे बिघडू शकतात. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळे करणारे फिनाइलेफ्रिनसारखे द्रव्य असते, तेही रक्तदाब चढविते. ‘कमी सोडियमचे मीठ’ हे बहुसंख्यांना हितकर असले तरी त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने, किंवा ‘-सार्टन’, ‘-प्रिल’, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने, ते विचारून आणि रक्त तपासूनच सुरू करावे.

‘झाडपाल्याला काय होते?’ हे वाक्यही येथेच घ्यावे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. १९३१ साली दिल्लीस सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातील क्षारद्रव्ये वेगळी केली. मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिच्या उपयोगाचा अहवाल ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य मिळविण्यात आले. काही वर्षे ते साऱ्या जगात रक्तदाबाचे प्रमुख औषध होते. मग असे दिसले की मोठ्या मात्रेत ते घेणाऱ्यांपैकी काहींना तीव्र खिन्नता येते. म्हणजे मुळी खरोखर गुणकारी होती, आणि म्हणूनच निरुपद्रवी नव्हती. ज्याला गुण आहे त्याला मात्रा आहे. ‘-ओलॉल’ची गोळी चालू असता सर्पगंधेचा काढा घेणाऱ्याची नाडी फार मंदावू शकते, आणि डॉक्टरांनी ‘औषध’ विचारले म्हणून त्याने काढा सांगितलेला नसतो.

६

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर पुष्कळ वाद झाला. ब्रिटनमधील २१ हजारांहून अधिक रुग्णांवरील, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटके व मृत्यू यांच्या दृष्टीने फरक आढळला नाही. म्हणून जी वेळ चुकत नाही ती उत्तम. लघवीची गोळी मात्र झोपमोड होऊ नये म्हणून सकाळी. एखादी मात्रा चुकली तर आठवण होताच घ्यावी, पण पुढची वेळ जवळ आली असल्यास चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असता ‘-सार्टन’, ‘-प्रिल’ आणि लघवीच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. अम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते. ती मूत्रपिंड बिघडल्याची खूण समजून घाबरू नये, आणि गोळी मनाने टाकूही नये. सांगावे, त्यावर उपाय आहे.

मोजताना पाठ टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीस. अर्ध्या तासात चहा वा तंबाखू झालेला नसावा. आणि मोजणे चालू असताना बोलू नये, कारण बोलण्याने आकडा वाढतो. आमच्या व्यवसायातील माणसांना एवढे एक पथ्य जड जाते.

चिठ्ठीवर ‘ही घ्या’ साठी चिन्ह आहे. ‘ही बंद’ साठी कोणतेही ठरलेले चिन्ह नाही. औषधविक्रेता, परिचारिका, घरचा माणूस हे मराठीतून जे सांगतात तेही कोणी टिपून ठेवलेले नाही. ‘अनशापोटी’, ‘जेवल्यावर’, ‘तांबडी गोळी’, ‘मोठी गोळी’, ‘संपली की या’ या शब्दप्रयोगांचा निरनिराळ्या जिल्ह्यांतून संग्रह करून, सांगणाऱ्याने काय म्हटले आणि ऐकणाऱ्याने घरी काय केले, हे पडताळून पाहण्याचा विषय एखाद्या पदव्युत्तर प्रबंधास पुरेसा आहे. आमच्या घरी सध्या एक साधा कागद आहे. त्यावर जेनेरिक नाव, मात्रा, वेळ आणि सुरू केल्याची तारीख असे रकाने आहेत, व शेवटचा रकाना ‘बंद : कोणी, केव्हा’ असा आहे. दवाखान्यात वडील तो कागद डॉक्टरांपुढे ठेवतात आणि शेवटच्या रकान्यावर बोट टेकवून म्हणतात, ‘आधी इथे काही लिहायचे आहे का, ते सांगा.’